मोहाच्या झाडाखालची लढाई

मोहफुलांचा वास आला की धानोऱ्याजवळचं आमचं गाव आठवतं. एका मोहाच्या झाडावरून दोन शेजारी भांडत होते. माझे बाबा कोणाचीच बाजू न घेता दोघांनाही फुलं वेचायच्या टोपल्या विकत. एक दिवस त्यातल्या एकाने, "त्याले टोपल्या काऊन देऊन राह्यले?" म्हणत आमच्या वाटेवर काटे टाकले. "आता मलेबी उतरा लागते," म्हणून बाबा काठी घेऊन निघाले. दुपारी जिंकून आले, डोक्याला फडकं बांधून. आई म्हणाली, "जिंकले नं? पहाटं पडलेली फुलं तं सारी ढोरायनं खाल्ली." आता मी शाळेत इतिहास शिकवते. दूरचा देश महायुद्धात का उतरतो, याची पाठ केलेली कारणं मुलं धडाधड सांगतात. मी त्यांना आधी टोपल्या सांगते, मग काटे. आणि शेवटी विचारते, सांगा, फुलं कोणी खाल्ली?