पैलवानांचा सलाम

चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पैलवान लंगोटात उभे आहेत, अंगभर तांबडी माती. फोटो आमच्या जत्रेतला. त्या कुस्तीत त्यांचा उजवा खांदा निखळला, तरी त्यांनी समोरच्याला चीतपट केलं आणि आम्ही त्यांना उचलून गावभर मिरवलं. आखाड्याच्या मातीचा, त्यातल्या ताका-तेलाचा आंबूस वास दोन दिवस माझ्या सदऱ्याला येत होता. पुढं काही वर्षांनी ते चाकणला आमच्याच कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. एकदा शिफ्ट सुटताना साहेबांची गाडी आली. पैलवानांनी सलाम केला, पण हात खांद्याच्या वर जाईना. साहेबांनी काच खाली केली. "हा काय सलाम झाला? परत करा." परत केला. "अजून वर!" तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम फुटला. रांगेतली पोरं हसली. हात का जात नाही हे तिथं मला एकट्याला ठाऊक होतं, पण मी कंत्राटी कामगार, गप्प राहिलो. गाडी गेल्यावर माझी पिशवी तपासत ते एवढंच म्हणाले, "जा भावा, बस चुकंल तुझी." आज फ्लेक्सवर त्यांच्या पायाशी हात जोडलेल्या चाहत्यांचे फोटो आहेत. तिसरा माझा. तो द्यायला मात्र मी सगळ्यांच्या आधी गेलो होतो.