पहिली घागर

दुष्काळाच्या त्या साली मी आष्टीकडच्या एका बाजाराच्या गावात सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर नोकरीला होतो. दूध मोजायचं, फॅट काढायची, कॅन गाडीत चढवायचे. मोजायची सवय अशी लागली की घरीही सुटत नसे. बायको पहिल्या बाळंतपणाला अंबाजोगाईला माहेरी गेली होती. मुलगी झाली होती. सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं, "पाण्याची सोय असेल तरच पोरीला धाडीन. ओली बाळंतीण टँकरमागं पळणार नाही." तेव्हा बायको आणि मुलगी घरी येणार की नाही, हे पाण्यावर ठरणार होतं.

भाड्याच्या दोन खोल्यांत आधीच्या बिऱ्हाडाची एकच वस्तू राहिली होती. एक पितळी घागर, एका अंगाला मोठा पोचा आलेली. घरमालक बीडला राहायचा. किल्ली देताना म्हणाला, "ती ओट्यावरच राहू द्या. आत घेऊ नका." मला घागरीची गरज नव्हती, म्हणून मी कारण विचारलं नाही.

टँकर एक दिवसाआड दुपारी यायचा. बायका सकाळीच घागरी रांगेत लावत. माणूस नसलं तरी घागर जागा धरायची. गल्लीतले बहुतेक पुरुष जनावरं घेऊन चारा छावणीला गेलेले, त्यामुळे रांग बायकांची आणि भांडणंही बायकांची. मी पहाटे केंद्रावर जायचो तो ऊन कलल्यावर परतायचो. टँकर मला कधी सापडणार नाही हे पहिल्या दिवशीच कळलं होतं.

पण टँकरच्या दिवशी घरी यावं, तर ओट्यावरची पितळी घागर काठोकाठ भरलेली, तोंडावर ओलं फडकं. शेजारी ठेवलेली माझी प्लॅस्टिकची घागर कोरडी ठणठणीत. मी पितळीतलं पाणी माझ्या घागरीत ओतून आत न्यायचो. मालकानं सोय केली असेल असं धरून चाललो होतो. फोनवर त्याचे आभार मानले, तर तो म्हणाला, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही," आणि घाईनं फोन ठेवला.

शेजारी बालवाडीत खिचडी शिजवणारी एक बाई राहायची. जिभेची तिखट. तिला विचारलं.

"दूध मोजता मोजता आता पाणी बी मोजाया लागलात का, साहेब? भरलेली हाय ना? मग प्या की."

"पण भरतं कोण?"

"तुमच्या डेअरीला दुधात घालाया पाणी लागतं, ते आमीच पुरवतो," ती म्हणाली आणि आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मग एकदा ताप आला म्हणून मी केंद्रावर गेलो नाही. दार लोटून पडलो होतो. बाहेर टँकर आला, आरडाओरडा झाला, टँकर गेला. थोड्या वेळानं ओट्यावर घागर टेकल्याचा आवाज आला. आणि दाराच्या अगदी जवळून, रुसलेल्या लेकीला समजवावं तसा एका बाईचा आवाज आला, "भरली बाई तुझी घागर. आता कुठं जाऊ नको."

घरात मी एकटा होतो. उठून दार उघडेपर्यंत गल्ली मोकळी झाली होती. फरशीवर ओली पावलं समोरच्या घरापर्यंत गेली होती आणि मी बघत होतो तोवर उन्हानं एकेक पुसली जात होती.

समोर गल्लीची आत्या राहायची. म्हातारी, एकटी. उंबऱ्यात बसून चिंचा फोडत होती. मला बघून तिचा हात थांबला.

"तुमी घरातच हुता व्हय?"

"आत्या, कुणाशी बोललात तुम्ही?"

तिनं वेचलेले चिंचोके बाजूला सारले. मग म्हणाली, "तुमच्या आधी नवराबायको हुते तिथं. नवं लगीन. पोरगी गरीब, तोंड वर करून बोलायची न्हाई. रांगेत घागर लावायची अन् आमी मागं सारायचो. नवी हाय, मागं लाव. मागं सारलेल्या घागरीला पाणी पुरत न्हाई, भाऊ. आमाला ठावं हुतं."

"मग?"

"मग काय. भांडली न्हाई. वढ्याकडच्या विहिरीत उतरली, तळाचं वाटीवाटीनं भराया. पायाखालची कड सुटली अन् गेली. तिला काढली तवा ही घागर बी वर आली. नवऱ्यानं समदं नेलं. एवढी न्यायला तयार न्हाई झाला."

तेवढ्यात बालवाडीची आली आणि आमची तोंडं बघून समजली. "सांगितलंस का, आत्या? आता जातंय हे खोली सोडून. मग पुन्यांदा कुलपाला पाणी पाजा."

खोली रिकामी होती तेव्हाही त्या भरतच होत्या. पाळी लावून घेतली होती. रांगेत पहिली घागर त्या घराची, मग बाकी गल्लीची. चिमण्या प्यायच्या, उरलेलं उन्हात आटायचं, आणि टँकर आला की त्या पुन्हा भरायच्या.

"बायकूला सांगू नगा, साहेब," बालवाडीची हळू आवाजात म्हणाली. "येऊ द्या तिला."

घर बदलावं असं मनात आलं. पण त्या गावात पाण्याची सोय असलेलं दुसरं घर नव्हतं. आणि न सांगता आणणं मला जमण्यासारखं नव्हतं. अंबाजोगाईला जाऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "त्या घरात माझी लेक पाऊल ठेवणार नाही." बायको मुलीला थोपटत होती. तिनं एवढंच विचारलं, "मागं सारणाऱ्या आणि आता भरणाऱ्या, त्याच बायका का?"

"त्याच."

"मग मला मागं सारणार नाहीत."

आम्ही एसटीत बसलो तेव्हा सासूबाई निरोपालाही आल्या नाहीत.

टँकरच्या पहिल्याच दिवशी बायकोनं आमची प्लॅस्टिकची घागर रांगेच्या टोकाला लावली. आत्यानं ती उचलून पितळीच्या मागं आणून ठेवली. "पहिली तिची, दुसरी तुझी," एवढंच बोलली. माझी मुलगी त्या पाण्यात न्हाली, त्या पाण्यावर वाढली. मी मात्र टँकरच्या दुसऱ्या दिवशी पितळीतलं पाणी बोटांनी मोजत असे. ऊन, फडकं, चिमण्या, सगळं धरलं तरी दोन बोटं कमी भरायचं. माझं मोजमाप सहसा चुकत नाही. कुणी प्यायलं हे मी कधी मोठ्यानं विचारलं नाही.

पुढं पाऊस झाला, नळ आले, आम्ही दोन गल्ल्या पलीकडे घर बांधलं. आत्या गेली. आमची खोली कितीतरी वर्षं बंद होती. पुन्हा दुष्काळ पडला, नळ कोरडे झाले, टँकर सुरू झाला. त्या खोलीत नवं जोडपं आल्याचं कळलं, त्या दिवशी बायको जुन्या गल्लीत जाऊन ओट्यावरची पितळी घेऊन रांगेला उभी राहिली. बालवाडीची आता म्हातारी झाली आहे. ती म्हणाली, "आली का आत्या!" दोघी हसल्या.

बायकोचा गुडघा दुखतो म्हणून भरलेली घागर मी उचलली. ओट्यापाशी तिनं ती माझ्याकडून घेतली आणि स्वतः टेकवली. मग दाराकडं बघून तिनं आत्याचे तेच शब्द तशाच आवाजात म्हटले. मी त्या तापात ऐकले होते तसेच. बायकोला हे शब्द मी सांगितले होते की नाही, मला आजही आठवत नाही.

दार उघडलं. कोवळी पोर होती, हात पिठानं भरलेले.

"मला म्हणालात का, काकू? मी कुठं जाते?"

"नको जाऊ. वढ्याकडं तर नकोच. पाणी आम्ही आणू."

पोरीनं हात पदराला पुसले, वाकून घागर कमरेवर घेतली आणि वळली. मी "अगं, आत नको" म्हणायला तोंड उघडलं. बायकोनं माझं मनगट धरलं. तिचा हात ओला आणि गार होता.

घागर पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेली.