बोर्डातलं गाऱ्हाणं

स्कूटरची चावी ह्यांनीच दिली होती. रविवारची सकाळ, मी कांदा चिरत होते आणि हे आमच्या मुलाला म्हणाले, "जा रे, पटकन बांगडे घेऊन ये." मुलगा तेव्हा सोळाचा. मी म्हटलं, "अहो, लायसन नाही त्याच्याकडे." तर हे हसले. "गावाक बारा वर्सांची पोरां टेम्पो चलवतत, ह्येका काय झाला!" मग मीही वर सांगितलं, कोथिंबीर पण आण. शेण खाल्लं आम्ही दोघांनी, दुसरं काय!

मार्केटच्या वळणावर त्याची धडक समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना बसली. हात मोडला त्यांचा. पण पोरगा पळाला नाही हो. त्यानेच रिक्षा थांबवून त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि मग आम्हाला फोन केला.

पोलीस स्टेशनात साहेबांनी समजावलं. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे बोर्डापुढे जाणार, पण अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली म्हणून बापावरही गुन्हा लागतो, तुरुंगसुद्धा होऊ शकतो. बापाला न कळता पोराने गाडी नेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. हे मरोळच्या एका कंपनीची बस चालवतात. गुन्हा लागला की नोकरी गेली, म्हणजे घराची वाटच लागली. भांडुपला घरी परत आल्यावर ह्यांनी मुलाला समोर बसवलं. "तू लहान आहेस, तुला काय होणार नाही. सांग, मीच चावी घेतली, कोणाला न विचारता."

"बरं पप्पा," तो म्हणाला. तेव्हा तो भांडला असता तर फार बरं झालं असतं.

बोर्ड म्हणजे साधी खोली. टेबलापलीकडे मॅजिस्ट्रेट मॅडम आणि दोन सदस्य. मॅडमनी मुलालाच विचारलं, "बाळा, चावी तुला कोणी दिली?" तो तोंड उघडणार तेवढ्यात हे हात जोडून उभे. आमच्याकडे गणपतीत घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, होय महाराजा. तो काय म्हणतोय ते कोणी ऐकत नाही, फक्त होय म्हणायचं. ह्यांनी बोर्डात तोच सूर लावला. "मॅडम, लेकरू अजाण आहे. न विचारता गाडी नेली. पदरात घ्या."

"तुम्ही बसा. मी त्याला विचारलंय."

मुलगा खाली बघून म्हणाला, "हो. मीच घेतली." मॅडमना ते पटलं नसावं. त्या माझ्याकडे वळल्या. "आई, तुम्ही सांगा. घरात अशा न विचारता वस्तू घ्यायची सवय आहे का याला?"

ज्याने कधी साधा डब्यातला लाडू मला न सांगता उचलला नाही, त्या माझ्या पोराबद्दल मी म्हटलं, "होय." सवयीने आलं की भीतीने, देव जाणे. जीभ झडली कशी नाही माझी! खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते बोलायची संधी मॅडमनी मला विचारून दिली होती.

ह्यांची नोकरी वाचली. आजींचा हात सांधला. मुलाला बोर्डाने समज दिली, काही महिने समुपदेशन झालं, सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात सेवा करायला लागली, ती त्याने मुकाट केली. आता तो पार्ल्याला कॉलेजात जातो. वाईट संगत नाही, उलट उत्तर नाही. शेजारणी म्हणतात, किती गुणी पोरगा गं तुझा.

पण घरात तो प्रत्येक गोष्ट विचारून घेतो. पंखा लावू? टॉवेल घेऊ? आधी मला वाटायचं, टोमणे मारतोय. काल जेवताना भातासाठी पण विचारलं, तशी मी भडकलेच. "अरे, तुझंच घर ना हे? पाहुण्यासारखं काय विचारतोस!"

तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, "विचारलेलं बरं असतं, आई. मी विचारलं ते तू ऐकलंस ना? पप्पांनी पण ऐकलंय."

मी "घे" म्हणेपर्यंत माझ्या पोराने पातेल्याला हात लावला नाही.