पोटातला पायजमा

रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात चादरी, गाऊन असलं सगळं शिवायला प्रेमिलाबाई होत्या. आपल्या शिवणीचा त्यांना भारी तोरा. उलट्या बाजूनं बघा की सुलट्या, दोरा कुठं लोंबताना दिसायचा नाही. फाटक्या चादरीचं फरशी पुसायचं फडकं करायचं तर त्यालाही त्या चारी बाजूंनी काठ दुमडत. पुसणाऱ्या बायका यावरून थट्टा करत, आणि बाईंना ते कौतुकच वाटे.

१९६७च्या हिवाळ्यात मोठे सर्जन, मधुसूदन डॉक्टर, पांढरं टेरिलिन घेऊन स्वतः त्यांच्या खोलीत आले. कापडावर त्यांनी आकृती काढली: वर एक नळी, खाली तिला दोन पाय. हुबेहूब लेकराचा पायजमा, फक्त बोट जेमतेम जाईल एवढा अरुंद. हुडकेश्वरच्या चंपतराव नावाच्या शेतकऱ्याच्या पोटात, दोन्ही पायांकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी फुगली होती. फुटली तर माणूस गेलाच. तिच्या जागी ही कापडी नळी बसवायची होती. तयार नळ्या परदेशात मिळत, पण इथवर येईपर्यंत फुगा थोडाच थांबणार होता.

बाई घाबरल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. दुपारी मात्र त्या वॉर्डात डोकावून आल्या. चंपतराव पडल्या पडल्या बायकोशी, जिजाबाईंशी, तुरीबद्दल बोलत होते, आणि अंगावरची चादर बेंबीपाशी ठोक्याठोक्याला उडत होती. चादर बाईंच्याच हातची. हा माणूस आपल्या शिवणीवर जगायचा की मरायचा, हे एकच त्यांच्या डोक्यात बसलं.

त्यांनी जीव ओतून तो पायजमा शिवला, दुहेरी शिवण घातली, आणि उलटवून शिवण आत दडवली. आयुष्यभर हेच तर केलं होतं. डॉक्टरांनी करंगळी आत घातली आणि ते थबकले.

"शिवण आत आहे, बाई."

"आतच असते, साहेब. बाहेर दिसली तं लोक हासतीन."

"आतून रक्त वाहणार आहे. या उंचवट्यावर ते अडेल, गुठळी धरेल, माणसाचा पाय जाईल. आतून गुळगुळीत पाहिजे. बाहेरून कसंही दिसू दे."

बाईंनी तो पायजमा बाजूला टाकला. त्यांनी नवं कापड घेतलं, पुन्हा शिवलं, दोरे सुटू नयेत म्हणून कडा तापल्या सुरीनं डागल्या आणि शिवण बाहेरच ठेवली. उलटा घातल्यासारखं ते ध्यान बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी शिवलं ते सांगू नका, अशी त्यांनी डॉक्टरांना गळ घातली. डॉक्टरांनी मान डोलावली, आणि जिजाबाईंना पहिलं तेच सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी मशीनला हात लावला नाही. संध्याकाळी निरोप आला, चंपतरावांचे दोन्ही पाय गरम आहेत, रक्त नीट पोचतंय. तेव्हा कुठं त्या घरी गेल्या.

मग दर हिवाळ्याला चंपतराव तुरीच्या शेंगा घेऊन येऊ लागले. बाई शेंगा नंतर घेत, आधी विचारत, "शिवण काय म्हणते, भाऊ?"

"तिले काय होते? तिच्याच जोरावर तं वखर हाकून राहिलो," ते म्हणत.

एवढ्यानं बाईंचं समाधान व्हायचं, पण फार दिवस टिकायचं नाही. मशीनवर दोरा तुटला की चंपतराव डोळ्यांपुढं उभे राहत. असं कितीतरी वर्षं चाललं.

एका हिवाळ्यात जिजाबाई एकट्याच आल्या. हातात शेंगांचं गाठोडं, कपाळ मोकळं. प्रेमिलाबाईंनी मशीन थांबवलं. नेहमीचा प्रश्न ओठांवर येईना. जिजाबाईंनी तो न विचारताच ओळखला.

"काविळीनं गेले वं," त्या म्हणाल्या. "पोटाले शेवटपर्यंत काही झालं नाही. मी रोज हात ठेवून पायलं."

प्रेमिलाबाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटकेची इतकी लाज वाटली की त्यांना वर बघवेना.

"जाताना नवं धोतर नेसवलं त्याहीले," जिजाबाई सांगत होत्या. "पन तुमच्या हातचा कपडा तं आधीपासूनच आंगात होता."

प्रेमिलाबाई मशीनवर डोकं टेकून रडल्या. जिजाबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.