फरशीत मुरलेली पावले

नव्वदच्या दशकात मी सून म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडमागच्या त्या बंगल्यात आले, तेव्हा दिवाणखान्यातली संगमरवरी फरशी माझ्याइतकीच नवी होती. तिच्यावर सासूबाईंचा भारी जीव. गृहप्रवेशाला नवरी माप ओलांडते, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवते आणि अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून आत येते. कापड आणलेही होते. सासूबाईंनी ते परत पाठवले. "एवढा पांढराशुभ्र मार्बल असताना कापड कशाला? दिसू देत की पावलं!"

पावले दिसली. आलेली लक्ष्मी त्या दिवशी पुसायची नाही, म्हणून ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पुसताना कळले, की उंबऱ्याजवळची पहिली दोन, जिथे माझे पाय पुरते ओथंबलेले होते, ती दगडात मुरली आहेत. तांब्याच्या भांड्यांचा सारा अनुभव पणाला लावून सासूबाईंनी लिंबू चोळले. कुंकू हलले नाही; भोवतालची चकाकी तेवढी गेली आणि पावले अधिकच उठून दिसू लागली.

मला तेही चालले असते. अडचण एवढीच, की माझे पाय मोठे आहेत. ही गोष्ट मी शाळेपासून कॉलेजपर्यंत परकराच्या घेरात नि साडीच्या निऱ्यांत निगुतीने लपवत आले होते. ती आता गुलाबी रंगात जाहीर झाली होती. पाहुणे टेकले न टेकले तोच सासूबाई म्हणत, "ही आमच्या सूनबाईंची पावलं, बरं का!" पाहुणे आधी फरशीकडे पाहत, मग माझ्या पायांकडे, आणि मग फारच सभ्यपणे पंख्याकडे. देवळाली कॅम्पच्या आत्याबाईंनी तर एकदा स्वतःचे पाऊल त्यावर ठेवूनच पाहिले.

"अगंबाई, माझं पाऊल ठेवूनसुद्धा चहूबाजूंनी जागा उरते की!"

"आमच्याकडे लक्ष्मी भक्कम पायांनी आलीये," सासूबाई म्हणाल्या. "सहजी पळायची नाही."

पुढे दिराचे लग्न ठरले. येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी एव्हाना पार निस्तेज झाली होती, म्हणून लग्नाआधी तिला नव्याने घासून पॉलिश करायचे ठरले. त्या बातमीने नवऱ्या मुलापेक्षाही जास्त आनंद मला झाला असावा. सोफे अंगणात गेले. सायखेड्याकडचा एक पॉलिशवाला मशीन घेऊन आला आणि खिडकीपासून सुरुवात करून, पांढरे पाणी उडवत, उंबऱ्याकडे सरकू लागला. तो जवळ येताच सासूबाईंनी वेताची खुर्ची आणली, नेमकी पावलांवर मांडली आणि मांडी घालून वर बसल्या.

"मावशी, उठा की. मशीन फिरवायचं हाय."

"तू बाजूनं घे."

"बाजूनं घेतलं तर मधी बेट राहील. लय वंगाळ दिसंल."

"राहू दे बेट. माझ्या घरची लक्ष्मी मी घासू द्यायची नाही."

पॉलिशवाल्याने माझ्या यजमानांकडे पाहिले, यजमानांनी सासऱ्यांकडे, आणि सासऱ्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरले. त्या घरात मी तोवर सासूबाईंना कशालाच नाही म्हटले नव्हते. त्या वेळीही म्हणवले नाही. मी फक्त हळूच म्हणाले, "आई, निम्मं निम्मं करू या का? उजवं तुमचं राहू द्या. डावं तेवढं घेऊ द्या."

घरातले प्रत्येक भांडण सासूबाई स्वतः निम्मेनिम्मे करूनच मिटवत. त्यांनी खुर्ची हातभर सरकवली. "घे बाबा, डावं घे."

डावे गेले. पाणी पुसले. दुधासारख्या झालेल्या फरशीवर एकटे उजवे पाऊल उरले.

"आई," यजमान वाकून पाहत म्हणाले, "ही काय लंगडी घालत आली होती का गं घरात?"

पॉलिशवाला तोंड फिरवून हसला. सासूबाई खुर्चीवरून उतरल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेने त्यांनी एकदा फरशीकडे पाहिले. "अगं बाई! एका पायाची लक्ष्मी? व्याही काय म्हणतील?" त्यांची नजर माझ्याकडे वळली, तेव्हा मी वर्तमानपत्राची मागची बाजू मन लावून वाचत होते. "फिरव रे," त्या म्हणाल्या, "हेही फिरव एकदाचं."

धाकट्या जाऊबाई आल्या तेव्हा पांढरे कापड अंथरले होते, तेही दुहेरी घडी घालून.

मी सुटले, असे मला आठवडाभर वाटले. मग आत्याबाई वऱ्हाडातल्या कोणा बाईंना घेऊन आल्या. सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याजवळची चकचकीत जागा दाखवली आणि सुस्कारा सोडला. "इथं होती हो आमच्या थोरल्या सूनबाईंची पावलं. केवढी म्हणाल, तर..." आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. पुराव्याचा अडसर आता उरला नव्हता. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी हात आणखी थोडे फाकले, त्यापुढच्यांच्या वेळी आणखी थोडे. आणि प्रत्येक पाहुणा त्या हातांकडून थेट माझ्या निऱ्यांकडे पाहू लागला.