डॉक्टरबाईंच्या जीपला मोठं इंजिन

इंजिन टेम्पोतून उतरवून झालं, आणि मग मला विचारलं गेलं की ते बसवायचं का.

पलूसला माझं गॅरेज आहे. त्याआधी मी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होतो. फोर बाय फोर गाड्या, म्हणजे ज्यांची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, हे माझं मुख्य काम. सातारा-सांगलीकडचे हौशी लोक अशा गाड्या घेऊन माझ्याकडं येतात. त्यातलाच एक विक्रम. सांगलीत त्याचं पाइपांचं दुकान. रविवार आला की मित्रांबरोबर जीप चिखलात घालायची, अडकवायची आणि ओढून बाहेर काढायची, हा त्याचा छंद.

त्या दिवशी मात्र त्यानं स्वतःची जीप आणली नव्हती. टेम्पोच्या मागं दोरीला बांधून एक जुनी डिझेल जीप आली होती. ती त्याच्या थोरल्या बहिणीची, डॉक्टर शैलाताईंची. त्या आटपाडीला असतात. जनावरांच्या डॉक्टर. ओढत आणलेल्या जीपचं स्टेअरिंग धरून त्याच बसल्या होत्या. केसांपासून चपलेपर्यंत धूळ.

"चाचा, हे बघा," विक्रम इंजिनावर हात ठेवून म्हणाला. "टर्बो हाय. ठोकलेल्या गाडीतलं, पण इंजिनाला ओरखडा न्हाई. आक्काच्या जीपमध्ये टाकायचं."

"आक्कांना विचारलंस का?"

"आक्काला सरप्राइज हाय."

आक्का शेजारीच उभ्या होत्या. "झालं सरप्राइज," त्या म्हणाल्या आणि नळावर तोंड धुवायला गेल्या.

त्या तिकडं गेल्यावर विक्रमनं मला बाजूला घेतलं. काही दिवसांपूर्वी म्हसवडकडच्या डोंगरात एका मेंढपाळाच्या कळपाला लस द्यायला त्या एकट्याच निघाल्या होत्या. निम्म्या चढावर जीप तापली, दम सोडला आणि बंद पडली. लस बर्फात होती, बर्फ विरघळायला लागला होता. बाईंनी आइसबॉक्स खांद्याला लावला आणि वर चालत गेल्या. लस दिली. येताना उन्हानं चक्कर आली. फोनला रेंज नाही. दिवस मावळताना विक्रमला त्या एका बाभळीखाली बसलेल्या सापडल्या.

"मला वळखलं न्हाई चाचा तिनं पयल्यांदा," विक्रम म्हणाला. "परत ती पायी उतरली न्हाई पायजे. काय लागंल ते सांगा."

आता असं इंजिन आणि असं कारण समोर आल्यावर नाही म्हणणं अवघड असतं. शिवाय खरं सांगायचं तर मला ते इंजिन आवडलं होतं. अशी कामं मी केली आहेत. जुन्या जीपमध्ये नवं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा गॅरेजमधले सगळे हातातलं टाकून बघायला येतात.

पण इंजिन बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. नव्या इंजिनाच्या पाठीची भोकं जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत, मध्ये एक जाड प्लेट बनवून बसवावी लागते. नवं इंजिन जड असलं तर पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसतात, ते बदलावे लागतात. जोर वाढला की ब्रेक वाढवावे लागतात. टर्बो इंजिनाला कॉम्प्युटर असतो, त्याचं वायरिंग जुन्या जीपमध्ये नव्यानं ओढावं लागतं. आणि सगळ्यात आधी आरटीओची परवानगी लागते. आरसीवर इंजिनाचा नंबर बदलून घेतला नाही तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

"परवानगीचं मी बघतो. एजंट हाय आपला," विक्रम म्हणाला.

"एजंट डोंगरावर गाडीत बसणार हाय का? तुझी आक्का बसणार हाय. कागद झाल्याबिगर मी स्पॅनर लावणार न्हाई."

बाई तोंड पुसत आल्या. "किती दिवस लागतील?"

"कागदासकट धरलं तर महिने."

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या. दिवाळी झाली की कळप कोकणाकडं उतरायला लागतात. एकदा निघाले की ते रोज नव्या शिवारात. त्याआधी लसीकरण उरकायला हवं होतं. आणि दिवाळी तोंडावर आली होती.

मी आधी जुनं इंजिन तपासायला घेतलं. कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते गेज लावून बघायचं. तीन सिलिंडर ठीक होते, एक ढिला. त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा बघितलं. आतल्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट भरून दाब वाढला असता. वाढला नाही. मग रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं, तर पाण्यात बुडबुडे. म्हणजे इंजिन आणि त्याचं डोकं यांच्या मधलं गॅस्केट जळलं होतं, आणि सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत होता.

"बघा, गेलंय इंजिन," विक्रम म्हणाला.

"इंजिन न्हाई, गॅस्केट. ते तापल्यामुळं जातं. का तापलं, ते कळलं पायजे."

नेहमीच्या जागा तपासल्या. पाण्याचा पंप चांगला. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकल्यावर बरोबर उघडला. फॅनचा पट्टा घट्ट. रेडिएटर समोरून लख्ख, कारण विक्रमनं आदल्याच दिवशी जीप वॉशिंग सेंटरला धुऊन घेतली होती. कारण काही सापडेना. डोक्याचं गॅस्केट बदलून देता आलं असतं, पण तापण्याचं कारण तसंच राहिलं असतं तर पुन्हा तीच बाभळ.

मी बाईंना विचारलं, "तुमी जाता तिथं मला न्याल का? माझ्या जीपमधनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. विटा, मग आटपाडी, तिथून म्हसवडच्या दिशेनं आणि पुढं डांबर सोडून माळावर. गाडी विक्रमला चालवायला दिली. माझी जीप एकदम ठणठणीत, तापायचा प्रश्न नव्हता. सुरुवातीला त्यानं गाडी जोरात घातली. आइसबॉक्स उडाला तसा बाईंनी मागून आवाज दिला, "विक्या, लस आहे त्यात. हळू."

पुढं रस्ता म्हणजे धोंडे आणि ओढ्याची वाळू. लो गिअर, म्हणजे जोर वाढवून वेग कमी करणारा गिअर, तो टाकावा लागला. त्यात जीप माणसाच्या चालीनं जाते. दोन ठिकाणी तर पुढून मेंढरं आमच्यापेक्षा जोरात गेली. विक्रम वैतागला.

"रोज अशीच चालवतीस?"

"मग कशी चालवू?"

वर पठारावर बिरूआण्णांचा वाडा होता. वाडा म्हणजे मेंढपाळांचा मुक्काम: जाळीचं कुंपण, दोन घोडी, कुत्री आणि मेंढरं. कातरणी चालू होती. कातऱ्यांच्या आवाजात चार-पाच माणसं मेंढरं पालथी घालून लोकर उतरवत होती. बाईंनी सवयीनं हात करून जीप कळपाला अगदी चिकटून लावायला सांगितली, म्हणजे बॉक्स लांब वाहायला नको.

"इंजिन चालू राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या जीपचा सेल्फ-स्टार्टर कवा धोका देईल सांगता येत नाही, म्हणून मी बंदच करत नाही."

तेच मला बघायचं होतं. त्या करतात तसंच होऊ दिलं.

बिरूआण्णा पुढं आले. "आवं, ह्येच का तुमचं भाऊ? त्या दिशी बाय चालत आल्या. मी म्हनलं मागारी फिरा, माझ्या मेंढरांचं नशीब. तर म्हनल्या, पानी द्या आन् मेंढरं धरा." मग विक्रमकडं बघून म्हणाले, "शेजारच्या वाड्याला लस पोचली न्हाई. त्याची लय मेंढरं गेली. आमची हायत."

त्या दिवशी राहिलेल्या मेंढरांना बाई लस टोचायला लागल्या. विक्रम बाह्या सारून मेंढरं धरायला लागला. पहिल्या मेंढरानं त्याला आडवा केला. मेंढपाळ हसले, तोही हसला.

काम उरकून निघालो. परतीच्या वाटेवर एक छोटा चढ लागतो. त्या चढाच्या मध्यावर विक्रम म्हणाला, "चाचा, काटा बघा."

माझ्या ठणठणीत जीपचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकत होता.

गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या समोर लोकरीचा गालिचा बसला होता. फॅन पुढून हवा ओढतो, हवेबरोबर कातरणीची उडणारी लोकर आणि माळावरची कुसळं. दोन्ही एकमेकांत गुंतून जाळीवर घट्ट बसलेली. बोटांनी ओरबाडून काढली तशी हवा लागली आणि काटा खाली आला.

पलूसला आल्यावर बाईंच्या जीपचा रेडिएटर उतरवला आणि टॉर्च मागच्या बाजूनं धरला. पलीकडं उजेडच दिसेना. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं वरची लोकर आत ठोसली गेली होती. समोरून लख्ख, आतून गादी.

विक्रमनं त्यात बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "पण मोठं इंजिन टाकलं तर चढ तरी पटकन जाईल."

"मोठं इंजिन जास्त तापतं. त्याला रेडिएटर मोठा लागंल. लोकर तीच येणार. आणि टर्बोचा जोर इंजिन जोरात फिरायला लागल्यावर येतो. आक्का तर चालीनं जातात."

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "डोंगरात बंद पडलं तर मला काय करता येईल?"

"जुनं असंल तर बरंच. पट्टा टाकता येईल, डिझेलमधली हवा काढता येईल, ते मी शिकवतो. नव्याचा एखादा सेन्सर गेला तर लॅपटॉपवाला माणूस वर आणावा लागंल."

"मग जुनंच राहू दे."

विक्रम चिडला नाही. मग म्हणाला, "आक्का, तू त्या झाडाखाली बसलेलीस ते मी बघितलंय. मला काय तरी करायचं हाय."

बाई त्याच्याजवळ गेल्या. "केलंस की. तू शोधत आलास."

"आन् उशीर झाला असता तर?"

त्या म्हणाल्या, "एकटी जाणार नाही. कुणाला तरी सोबत घेईन. हे तुला कबूल करते."

इंजिनाचं डोकं मशीनवर घासून सपाट केलं, नवं गॅस्केट टाकलं, रेडिएटर उघडून साफ केला. रेडिएटरच्या पुढं बारीक जाळीची चौकट बसवली, दोन खटक्यांवर निघणारी. बाहेर काढायची, झटकायची, पुन्हा लावायची. तापमान वाढलं की वाजणारा बझर लावला. सेल्फ दुरुस्त केला, म्हणजे कळपाजवळ इंजिन बंद करता येईल. दिवाळीआधी जीप आटपाडीला गेली. कळप उतरायच्या आत बाईंचं लसीकरण झालं. शेवटच्या दोन वाड्यांवर विक्रम सोबत होता.

तक्रार आलीच. बाईंचा फोन आला, "मुलाणीभाई, बझर लय मोठ्यानं वाजतो. मेंढरं बुजतात." आवाज कमी करून दिला. विट्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टरसुद्धा जीपला ओव्हरटेक करतात, हीही त्यांची तक्रार आहे. त्यावर माझ्याकडं इलाज नाही. ते इंजिन मी टाकलं नाही याची ही किंमत आहे, आणि ती त्याच मोजतात.

टर्बो इंजिन विक्रमनं कागद करून स्वतःच्या जीपमध्ये टाकून घेतलं. मीच टाकलं. झकास चालतं. पहिल्याच महिन्यात त्यानं पुढचा एक्सल मोडला.

तेव्हापासून इंजिन बदलायला कुणी आलं की मी आधी गाडी जाते त्या वाटेनं जाऊन येतो. गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी काय दुखतं एवढंच सांगते. का दुखतं, ते बऱ्याचदा तिकडंच कुठंतरी मागं राहिलेलं असतं. काही गिऱ्हाइकांना हे आवडत नाही; ते म्हणतात, मिस्त्रीला फिरायची हौस आहे. असू दे.