शेवटच्या मॅचचे पेढे

मुलाच्या अमेरिकन कॉलेजच्या फुटबॉल टीमवर त्या वर्षी बंदी होती. जुन्या कोचने नियम मोडून खेळाडूंना महागड्या भेटी दिल्या होत्या, तेव्हा आमचा मुलगा शाळेत होता. शिक्षा मात्र नेमकी त्याच्या शेवटच्या वर्षी आली. ठरलेल्या मॅच खेळायच्या, पण कितीही जिंकलं तरी पुढच्या स्पर्धेत जागा नाही.

“मग खेळतोस कशाला? अभ्यास कर,” असं मी एकदा म्हणालो. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत होता.

मला तो खेळ अजूनही कळत नाही. बायको ओरडली की मी ओरडतो. शेवटची मॅच आम्ही जिंकलो, एवढं स्कोअरबोर्डवरून कळलं आणि मी पेढ्यांचा डबा घेऊन पार्किंगमध्ये धावलो. निकाल चांगला लागला की पेढे वाटायचे, एवढंच मला येतं.

बर्फ भुरभुरत होता. बाकीचे आईवडील पोरांची वाट पाहत उभे होते. एका खेळाडूच्या आईपुढे मी डबा धरला, तर ती रडायलाच लागली.

“अहो, बंद करा तो डबा,” बायको कुजबुजली. “पोरांचा खेळ कायमचा संपला आज. कसले पेढे वाटताय?”

तेवढ्यात मुलगा आला. मी डबा पाठीमागे लपवला.

“दे ना, बाबा.”

त्याने एक पेढा घेतला, पण खाल्ला नाही. नेपरव्हिलला घरी पोचेपर्यंत तो त्याच्या मुठीतच होता. गाडी चालवताना मी हवामानाबद्दल बोलत राहिलो.